सगळ्या स्टेप्सना १च नंबर का येतो?

प्रश्न: ताई, सॉफ्टवेअर इन्स्टॉल कसं करायचं याचं गाईड ऑफिसात माझ्या गळ्यात पडलंय. जुनं वर्डमधलं कॉपी करून मार्कडाऊनच्या (साध्या खुणांनी फॉरमॅटिंग करायची पद्धत) रीडमीत, म्हणजे सॉफ्टवेअरसोबतच्या माहितीच्या फाईलीत टाकलं. एकाने सांगितलं, सगळीकडे १ लिही, नंबर आपोआप पडतात. पण सगळीकडे १च दिसतोय, लेस दॅन-ग्रेटर दॅनच्या खुणांत लिहिलेलं युजरनेम गायब, आणि कमांड कॉपी करून टर्मिनलमध्ये (कमांड टाईप करायच्या खिडकीत) टाकली की एरर. काय करू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: अरे, एरर आधी बघ, बाकीचं नुसतं वाईट दिसतंय पण कमांडमुळे लोकांचं काम अडतंय. हा वर्डचा आगाऊपणा. आपण सरळ अवतरणचिन्ह टाईप करतो, वर्ड ते गुपचूप वाकडं करतं, आणि दोन हायफनचा कधीकधी एक लांब डॅश करून ठेवतं, दिसायला छान पण टर्मिनलला ती चिन्हं कळतच नाहीत. फाईंड-रिप्लेसने दुरुस्त कर, पण वर्डमध्ये नको हं, तिथे सरळ टाकलेलं परत वाकडं होतं (मी यात अख्खी दुपार घालवलीय), नोटपॅड नाहीतर व्हीएस कोड या कोड एडिटरमध्ये कर.

नंबरचं म्हणशील तर तुझ्या मित्राने अर्धंच सांगितलं. दोन स्टेप्सच्या मध्ये कमांडचा ब्लॉक अगदी डाव्या कडेला चिकटलेला असणार, मग लिस्ट तिथेच तुटते आणि पुढची नवीन लिस्ट परत १पासून. तो ब्लॉक ३ स्पेस आत सरकव, म्हणजे स्टेपचं पहिलं अक्षर जिथे सुरू होतं त्याच्या बरोबर खाली, वरच्या-खालच्या तीन बॅकटिकच्या दोन्ही ओळींसकट. बॅकटिक म्हणजे टॅबच्या वरचं बटण, अवतरणचिन्ह नव्हे.

आणि युजरनेम. जॉन ग्रुबरने २००४ मध्ये मार्कडाऊन काढलं तेव्हापासूनच त्यात मध्येच एचटीएमएल (वेबपेजची भाषा) लिहायची सोय आहे, त्यामुळे तुझं युजरनेम त्याला एचटीएमएलचा टॅग, म्हणजे पानावर न दिसणारी खूण वाटलं. बॅकटिकमध्ये घाल, दिसेल. बॅकटिक म्हणजे टॅबच्या वरचं बटण, अवतरणचिन्ह नव्हे.

व्हीएस कोडमध्ये कंट्रोल-शिफ्ट-व्ही दाबलं की प्रिव्ह्यू दिसतो, तो बघत बघत कर. फक्त फॉरमॅटिंगचा कमिट (सेव्ह केलेल्या बदलांची नोंद) वेगळा ठेव आणि मजकुरातले बदल वेगळे, नाहीतर नेमकी कुठली कमांड बदलली ते सिनियर शंभर ओळींत शोधत बसतील आणि मग तुला शोधत येतील.