वाचकांचे प्रश्न : ऊर्जा घटते, मग विष का वाढते?

प्रश्न : अन्नसाखळीत प्रत्येक पायरीवर सुमारे ९० टक्के ऊर्जा कमी होते, असे पाठ्यपुस्तकात सांगतात, डीडीटीसारखे विष मात्र वरच्या पायऱ्यांवर वाढत जाते, असेही त्यातच लिहिलेले असते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा?

उत्तर : दोन्ही खऱ्या आहेत, आणि पहिली खरी आहे म्हणूनच दुसरी घडते. प्राण्याने खाल्लेल्या अन्नाचा काही भाग न पचताच बाहेर पडतो. जो पचतो त्यातला मोठा वाटा श्वसन आणि हालचाल यांवर खर्ची पडून अखेर उष्णतेच्या रूपाने निघून जातो. उरलेल्या थोड्या भागातून प्राण्याचे शरीर वाढते, आणि भक्षकाच्या तोंडी लागते ते एवढेच. रेमंड लिंडमन यांनी १९४२ साली अमेरिकेतील एका लहानशा तळ्याच्या अभ्यासावरून हा ऊर्जेचा हिशेब मांडला. दहा टक्क्यांचा आकडा मात्र ठोकताळा म्हणूनच घ्यावा, कारण प्रत्यक्षातले प्रमाण प्राण्यागणिक आणि परिसंस्थेगणिक बरेच बदलते.

याचा अर्थ असा, की भक्षकाला आपले वजन किलोभर वाढवण्यासाठी कित्येक किलो भक्ष्य खावे लागते. त्या भक्ष्यातली पोषकद्रव्ये तो जाळून टाकतो; पण सहज विघटित न होणारे आणि चरबीत विरघळणारे विष त्याला जाळताही येत नाही आणि मूत्रावाटे टाकताही येत नाही. खारे पाणी आटवले की पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते, तसाच हा प्रकार आहे.

कॅलिफोर्नियातील क्लिअर लेक या सरोवरात चिलटांच्या नायनाटासाठी १९४९ पासून डीडीटीचे भावंड असलेले डीडीडी हे कीटकनाशक मिसळण्यात आले. पाण्यातले त्याचे प्रमाण दहा लाखांत जेमतेम ०.०२ भाग, म्हणजे कोणालाही निर्धोक वाटावे इतके होते. काही वर्षांत तिथले ग्रीब जातीचे मासेखाऊ पाणपक्षी मरू लागले. तपासणीत प्लवकांमध्ये, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्मजीवांमध्ये, हे प्रमाण दहा लाखांत सुमारे ५ भाग, तर मेलेल्या पक्ष्यांच्या चरबीत सुमारे १,६०० भाग आढळले. पाण्याच्या तुलनेत ही वाढ ८०,००० पट होते. या क्रियेला जैवविशालन म्हणतात.

प्रत्येक विषाचे असे होत नाही. काही कीटकनाशके अतिशय जहाल असूनही लवकर विघटित होतात, त्यामुळे ती साखळीत फार वर चढत नाहीत. उलट मिथिल पारा चरबीत नव्हे, तर प्रामुख्याने प्रथिनांना चिकटून राहतो आणि तरीही मोठ्या शिकारी माशांमध्ये साठत जातो. म्हणजे विष कुठे साठते यापेक्षा ते शरीरातून किती सावकाश बाहेर पडते, हे अधिक महत्त्वाचे.

प्रश्न : परिसंस्था म्हणण्यासाठी किमान किती क्षेत्र लागते?

उत्तर : अशी मर्यादा नाही. आर्थर टान्सली यांनी १९३५ साली ही संकल्पना मांडली, ती सजीव आणि त्यांच्या निर्जीव परिसराचा एकत्र विचार करण्यासाठी. झाडाच्या ढोलीत साचलेले पाणीही परिसंस्था ठरते आणि महासागरही. सीमा अभ्यासक आपल्या प्रश्नानुसार आखतो.

प्रश्न : शैवाल ऑक्सिजन सोडते. मग शैवालाने हिरव्यागार झालेल्या तळ्यात मासे का मरतात?

उत्तर : शैवाल ऑक्सिजन सोडते ते उजेडात, श्वसन मात्र ते रात्रंदिवस करते. त्यामुळे अशा तळ्यात ऑक्सिजन दुपारी भरपूर असतो आणि पहाटे नीचांकाला पोहोचतो. सूर्योदयाच्या सुमारास मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडमीट करताना दिसतात, ते यामुळेच. खरे संकट त्यानंतरचे असते. मेलेले शैवाल तळाशी बसते, ते कुजवणारे जिवाणू तिथला ऑक्सिजन संपवतात, आणि उन्हाळ्यात वरचे कोमट पाणी खालच्या थंड पाण्यात मिसळत नसल्याने तळाला नवा पुरवठाही होत नाही.

पाण्यात शैवाल असे बेसुमार माजण्याला सुपोषण म्हणतात, आणि त्याचे मूळ पोषकद्रव्यांच्या अतिरेकात आहे. त्यातले मुख्य कोणते, हे कॅनडातील २२६ क्रमांकाच्या तळ्यावरील प्रयोगाने दाखवले. डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी १९७३ साली त्या तळ्याच्या मधोमध प्लास्टिकचा पडदा लावला. दोन्ही भागांत कार्बन आणि नायट्रोजन घातला, पण फॉस्फरस एकाच भागात. तोच भाग हिरवा झाला. नायट्रोजन काही नीलहरित जिवाणू (शैवालासारखेच पाणी हिरवे करणारे) हवेतूनही मिळवू शकतात, फॉस्फरसला अशी पळवाट नाही. समुद्रात मात्र बऱ्याच ठिकाणी नायट्रोजनच कमी पडतो, म्हणून हा निष्कर्ष सरसकट लावू नये.

फॉस्फरस येण्याचे थांबवले तरी तळे लगेच निवळत नाही. गाळात लोहाशी बांधला गेलेला जुना फॉस्फरस तळाशी ऑक्सिजन संपला की पुन्हा पाण्यात सुटतो, आणि हा साठा ओसरायला अनेक वर्षे लागू शकतात.