सध्या मारवा, आणि त्याच्या मागेपुढे पूरिया आणि सोहनी

प्रश्न : सध्या तुम्ही शास्त्रीय संगीतात काय ऐकत आहात? मी अलीकडेच ऐकायला लागलोय, पण मला सगळे राग सारखेच वाटतात.

सध्या माझ्याकडे मारवा चालू आहे. त्याच्या जोडीला पूरिया आणि सोहनी. सगळे राग सारखेच वाटतात असं तुम्ही लिहिलंय, म्हणून जरा सविस्तर सांगतो, कारण या तिघांचे स्वर खरोखरच एक आहेत. षड्ज (सा), कोमल रिषभ (रे), शुद्ध गंधार (ग), तीव्र मध्यम (म), शुद्ध धैवत (ध), शुद्ध निषाद (नि). पंचम (प) तिघांतही वर्ज्य, म्हणजे घ्यायचाच नाही. नुसती स्वरांची यादी मांडली तर तिन्ही राग एकच दिसतील. कान बसला की मात्र पहिल्या दोन-चार आलापांतच कोण आलंय ते कळतं. राग म्हणजे स्वरांची यादी नव्हे, हे समजून घ्यायला या तिघांइतकी चांगली जागा मला दुसरी माहीत नाही.

मारव्यात रिषभ आणि धैवत हे दोन धनी. रिषभ वादी, म्हणजे सर्वांत महत्त्वाचा स्वर, आणि धैवत संवादी, त्याच्या खालोखालचा. गायक या दोघांवर थांबतो, रेंगाळतो, पुन्हा पुन्हा तिथेच येतो, आणि षड्जाला सतत टाळतो. निषादावरून थेट रिषभावर जातो, रिषभावरून निषादाकडे उतरतो. षड्ज मधल्यामध्ये राहून जातो. एरवी षड्ज म्हणजे विसावा. इथे तो विसावा डोळ्यांसमोर असतो आणि मिळत नाही. हा संधिप्रकाशाच्या वेळचा राग, सूर्य मावळतानाचा, आणि त्यातली हुरहुर नेमकी या न मिळणाऱ्या षड्जातून येते.

याचा पडताळा घ्यायचा असेल तर एक प्रयोग करून बघा, मला तो फार आवडतो. पेटी असेल तर पेटीवर, नाहीतर फोनवरच्या एखाद्या अ‍ॅपवर. तानपुरा बंद ठेवा. मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, धैवतापासून सुरुवात करून निषाद, कोमल रिषभ, गंधार, तीव्र मध्यम आणि वरचा धैवत असे वाजवा. षड्ज अजिबात घेऊ नका. ऐकू येईल तो चक्क भूप राग! धैवताला सा मानलं की हे पाच स्वर म्हणजे सा रे ग प ध होतात (स्वरांच्या उंचीतला बारीक फरक सोडून देऊ). आता तानपुरा सुरू करा, मूळ षड्जाचा, आणि तेच स्वर सावकाश वाजवा. भूपाची प्रसन्नता क्षणात जाते आणि सगळं अधांतरी होतं. एकही स्वर बदललेला नाही, फक्त मागे षड्ज वाजतोय. मारव्याची सगळी ताकद या ओढाताणीत आहे : गळा एका घराकडे जातो आणि तानपुरा दुसऱ्या घराची आठवण करून देत राहतो. म्हणून मारवा ऐकताना तानपुऱ्याकडे अर्धं लक्ष ठेवाच. पंचम नसल्यामुळे त्याची पहिली तार बहुतेक वेळा निषादात लावलेली असते, त्यानेही वातावरण बदलतं.

आता कोणाचा ऐकायचा? माझं उत्तर ठाम आहे : उस्ताद अमीर खाँ. त्यांची एक जुनी एल.पी. आहे, एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. विलंबित (संथ लयीतली) बंदिश ‘पिया मोरे अनत देस’, झुमऱ्यात, म्हणजे चौदा मात्रांच्या तालात. लय इतकी संथ की सुरुवातीला सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कधी आली ते कळत नाही. कळलं नाही तरी चालेल, मात्रा मोजत बसू नका. खाँसाहेब मंद्रातून एकेक स्वर जागा करत वर येतात. चमत्कार, श्रोत्याला खूश करायची धडपड यांतलं काहीही नाही. आणि बराच वेळ षड्ज लांब ठेवल्यावर ते जेव्हा त्यावर येऊन उभे राहतात, तेव्हा आपला रोखून धरलेला श्वास सुटतो. मी ती एल.पी. शक्यतो दुसरं काहीही करत नसतानाच लावतो. मागे चालू ठेवून कामं उरकण्याचं हे गाणं नाही, आणि तसं ऐकलंत तर ते कंटाळवाणं वाटेल हेही खरं.

अगदी वेगळा मारवा ऐकायचा तर डॉ. वसंतराव देशपांडे. लाहोरात असद अली खाँसाहेबांकडून त्यांना याच रागाची तालीम मिळाली होती. अमीर खाँचा मारवा अंतर्मुख, तर वसंतरावांचा आक्रमक, अनपेक्षित वळणं घेणारा, तरीही मारवाच. ख्याल अजून जड जात असेल तर आधी लताबाईंनी गायलेलं, हृदयनाथांनी संगीत दिलेलं ‘मावळत्या दिनकरा’ ऐका. भा. रा. तांब्यांची मावळत्या सूर्यावरची कविता आणि मारव्याचे स्वर. निवड किती अचूक आहे ते ऐकूनच कळेल.

पूरिया मंद्रात रमतो. तिथे गंधार आणि निषाद यांचं राज्य असतं, रिषभ-धैवत मागे सरतात. पं. भीमसेन जोशींचा ‘पिया गुणवंता’ लावा. मारव्यानंतर लगेच लावलात तर तेच स्वर आता स्थिर आणि खोल झालेत हे जाणवेल. मारव्यातला रिषभ कसा टोचत राहतो! पूरियात तो गंधाराकडून येता-जाता नुसता स्पर्श करून जातो.

सोहनी सगळी वरच्या अंगाची, तार षड्जाभोवती फिरणारी, उत्तररात्रीची. लांबलचक विस्ताराचा हा रागच नाही, म्हणून छोटी चीज ऐकली तरी पोट भरतं. ‘मुघल-ए-आझम’मधलं बडे गुलाम अली खाँसाहेबांचं ‘प्रेम जोगन बन के’ सोहनीतलंच. तुम्ही ते आधी ऐकलंही असेल.

तिन्ही एकाच बैठकीत ऐकायचा आग्रह धरू नका. आठवडाभर नुसता मारवा ऐका, जमलं तर तोच तो ध्वनिमुद्रित तुकडा. रागाचं नाव, वादी-संवादी, थाट हे सगळं मागाहून वाचलं तरी चालतं. थाटाचं, म्हणजे स्वरांनुसार केलेल्या रागांच्या गटाचं, तर असं आहे की संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांच्या दहा थाटांपैकी एकाला मारव्याचं नाव आहे, पण त्या थाटात पंचम आहे आणि खुद्द मारव्यात नाही! एकच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकला की पुढची जागा कानाला आधीच ऐकू यायला लागते, आणि मग दुसऱ्या गायकाने तीच जागा वेगळी घेतली की फरक आपोआप उमटतो. रोज नवा राग ऐकून हे होत नाही.

यानंतर मी पूरिया कल्याण लावणार आहे, भीमसेनजींचाच. त्यात पूर्वांग, म्हणजे सप्तकाचा खालचा अर्धा भाग, पूरियाचं राहतं आणि पंचम परत येतो. इतके दिवस पंचमाशिवाय राहिलेल्या कानाला तो कसा लागतो ते मला ऐकायचंय. तुम्ही मारवा ऐकलात तर कोणाचा ऐकलात आणि षड्ज कुठे सापडला, ते नक्की लिहा.