पार्सरसाठी टोकन स्ट्रीमचा इंटरफेस कसा ठेवावा?

तुमचा लेक्सर (कोडचे टोकन, म्हणजे शब्द-चिन्हांसारखे तुकडे करणारा भाग) तयार आहे, रिकर्सिव्ह डिसेंट पार्सर (टोकनांची रचना ओळखणारा भाग, व्याकरणाच्या प्रत्येक नियमाला एक फंक्शन असलेला) हाताने लिहायचा आहे. प्रश्न असा की टोकनांची आख्खी यादी आधीच करावी की लागेल तसं एकेक टोकन मागावं, आणि स्ट्रीमला, म्हणजे पार्सरला टोकन पुरवणाऱ्या भागाला, मेथड कोणत्या द्याव्यात.

मी यादीच करतो. सोर्स फाइल तशीही मेमरीत असते. मात्र ती यादी आणि तिचा इंडेक्स पार्सरला दिसता कामा नये. एकदा पार्सरभर इंडेक्सची बेरीज-वजाबाकी पसरली, की पुढे काहीही बदलणं जिकिरीचं होतं.

मेथड मोजक्या पुरतात. 'पीक' पुढचं टोकन नुसतं दाखवतो, 'नेक्स्ट' ते घेऊन पुढे सरकतो, 'एक्सपेक्ट' अपेक्षित टोकन नसेल तर एरर नोंदवतो. मागे फिरायची सोय हवी असेल तर 'मार्क' (आत्ताची जागा लक्षात ठेवतो) आणि 'रीसेट' (तिथे परत नेतो). यादी असल्यामुळे मार्क म्हणजे फक्त एक आकडा.

फाइल संपल्यावर नल किंवा एक्सेप्शन देऊ नका. 'समाप्त' प्रकारचं खास टोकन द्या आणि कितीदाही मागितलं तरी तेच देत राहा. पार्सरमधल्या निम्म्या इफ-अटी तिथेच गळून पडतात. त्या टोकनालाही जागा असू द्या, नाहीतर न मिटलेल्या कंसाचा एरर दाखवायचा कुठे? जागा म्हणजे सुरुवातीचा आणि शेवटचा ऑफसेट (फाइलच्या सुरुवातीपासूनचं अंतर). ओळ क्रमांक एरर छापताना काढता येतो.

खरी डोकेदुखी संदर्भावर ठरणाऱ्या टोकनांची. सी++ मध्ये २०११ च्या स्टँडर्डआधी एकात एक टेम्प्लेट लिहिताना शेवटच्या दोन > मध्ये स्पेस सोडावी लागे, कारण लेक्सर >> ला राइट शिफ्ट समजायचा. तुमच्या भाषेत असं काही असेल तर टोकनाचे दोन तुकडे करणारी मेथड स्ट्रीमलाच द्या, लेक्सरला हात लावू नका.

जावास्क्रिप्टमधला / याहून चिवट. तो भागाकाराचा की रेग्युलर एक्स्प्रेशनचा, हे आधी काय आलंय त्यावर ठरतं. अशा भाषेत मात्र यादीचा हट्ट सोडून मागणीनुसार टोकन काढणं आणि पार्सरने लेक्सरला मोड (पुढचा मजकूर कसा कापायचा ते) सांगणं सोपं जातं. तेव्हा एक पथ्य पाळा: मोड बदलला की पीक करून बफरमध्ये ठेवलेली टोकन फेकून द्या आणि लेक्सरला त्यातल्या पहिल्या टोकनाच्या सुरुवातीला परत न्या. ती जुन्या मोडमध्ये कापलेली असतात.