शेठच्या ड्रॉवरातलं लायसन

प्रश्न : माझे मिस्टर ट्रेलर चालवतात. आजवर न्हावा शेवा ते पुणे, फार तर सुरत. आता शेठने इटानगरचं मशिनरीचं भाडं धरलंय आणि गाडीवर यांना पाठवायचं ठरलंय. पण कामाला लागतानाच शेठने ओरिजिनल लायसन आणि आधार कार्ड ‘ऑफिसला जमा’ करून घेतलं. यांच्या खिशात नुसत्या झेरॉक्स आहेत. ताई, एवढ्या लांब झेरॉक्सवर जाता येईल का? त्यात यांचं नाव ‘ज्ञ’ने सुरू होतं. लायसनवर इंग्रजीत ते ‘डी’ने लिहिलंय, आधारवर ‘जी’ने.
– एक भगिनी, कामोठे

उत्तर : जाता येणार नाही, आणि तुम्ही जाऊ देऊ नका. कळंबोलीत गाड्यांच्या कागदपत्रांचं काम करताना हा ‘जमा’ प्रकार मी कायम बघते. शेठ लोक सांगतात, ड्रायव्हर उचल घेऊन पळतो. एखादा पळतही असेल. पण उचलीच्या वसुलीसाठी लायसन गहाण ठेवून घ्यायला ते काही दागिना नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३० प्रमाणे गणवेशातल्या पोलिसाने मागितलं की लायसन दाखवायची जबाबदारी ड्रायव्हरची. ते ताब्यात घ्यायचा अधिकार कलम २०६ ने पोलिसाला किंवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याला दिलाय, तोही पोचपावती देऊन. त्यात शेठ कुठेच बसत नाही. लायसन तपासणं मात्र त्याचं कामच आहे, कारण विनालायसन माणसाच्या हातात गाडी दिली तर कलम १८० खाली ५,००० रुपये दंड आणि प्रसंगी कैद मालकाला होऊ शकते. तेव्हा त्याने ओरिजिनल बघावं, झेरॉक्स फायलीला लावावी आणि ओरिजिनल परत करावं.

मागताना भांडू नका. ‘शेठ, इटानगरच्या वाटेत झेरॉक्स चालत नाही, गाडी अडकेल’ एवढं म्हटलं तरी बरेच ड्रॉवर उघडतात. गाडी उभी राहिली तर नुकसान त्यांचंच असतं ना! नाहीच दिलं, तर ‘हरवलं म्हणून तक्रार टाक आणि डुप्लिकेट काढ’ असं सांगणारा यार्डात कुणीतरी भेटेलच. त्याचं ऐकू नका. लायसन कुठे आहे हे ठाऊक असताना हरवलं म्हणून लिहून देणं उद्या तुमच्याच अंगलट येईल. आधी लेखी मागा, व्हॉट्सअॅपवर मागितलं तरी नोंद राहते. त्यानंतर पोलीस ठाणं आहेच.

आधारसाठी तर शेठच्या मिनतवाऱ्या करायची गरजच नाही. मोबाइल नंबर जोडलेला असेल तर ई-आधार डाउनलोड करता येतं आणि ते कार्डाइतकंच वैध असतं. यापुढे कुणाला प्रत द्यायचीच झाली तर मास्क्ड आधार द्या, त्यात नंबरचे शेवटचे चारच आकडे दिसतात.

आता इटानगर. अरुणाचलात शिरायला बाहेरच्या राज्यातल्या माणसाला इनर लाइन परमिट लागतं. कायदा इंग्रजांच्या काळातला, १८७३ चा. नागालँड आणि मिझोराममध्येही तो लागू आहे, आणि २०१९ अखेरच्या आदेशाने मणिपूरही त्यात आलं. आसामला असलं काही लागत नाही, त्यामुळे ड्रायव्हर गुवाहाटीपर्यंत बिनधास्त जातात आणि पुढे अरुणाचलच्या सीमेवर बंदरदेवाच्या गेटवर अडकतात. परमिट ऑनलाइन निघतं, त्याला फोटो आणि ओळखपत्र जोडावं लागतं. गाडीच्या नावावर ते नसतं, माणसाच्या नावावर असतं. म्हणजे क्लीनरचं वेगळं काढायचं. क्लीनरला सगळे विसरतात, बिल्टी म्हणजे मालाची पावती करणारासुद्धा. परमिटला मुदत असते आणि तिकडे गाडी खाली व्हायला किती दिवस लागतील याचा भरवसा नसतो, तेव्हा तारखा जरा सैल घ्या.

राहिलं नाव. लायसन आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर डिजिलॉकर या सरकारी अॅपमध्ये लायसन ओढताना अडचण येते. कुठलं बदलायचं? आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यामुळे ते उगाच खर्ची घालू नका. पॅन, बँकेचं पासबुक आणि मतदार ओळखपत्र समोर ठेवा. ते आधारशी जुळत असतील तर लायसन दुरुस्त करा. ट्रान्सपोर्टचं लायसन दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला येतंच. ती तारीख जवळ असेल तर दोन्ही कामं एका खेपेत उरका.

प्रश्न : मोबाइलमधलं लायसन पोलीस मानत नाहीत. ओरिजिनल जवळ ठेवावंच लागतं का?
– एक चालक, तुर्भे

उत्तर : मोबाइलमध्ये कुठे आहे ते बघा. डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधून दाखवलेलं चालतं. नोव्हेंबर २०१८ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १३९ मध्ये तसा बदल झालाय. गॅलरीतला फोटो म्हणजे लायसन नव्हे, तिथे पोलिसाचं बरोबर आहे. लाँग रूटला मी तरी कार्ड जवळ ठेवायला सांगते, कारण घाटात रेंज नसते आणि बॅटरी नको तेव्हा बसते. बंदराचं गणित निराळं. गेटवरचा जवान मोटार कायद्याखाली उभा नसतो. १ जुलै २००४ पासून जगभरच्या बंदरांना सुरक्षेचे आंतरराष्ट्रीय नियम लागू झाले, त्यामुळे आत कोण येतंय यावर बंदराला नियंत्रण ठेवावंच लागतं. तिथे बंदराचा पास लागतो. नुसतं लायसन दाखवून वाद घालणारे मागच्या सगळ्यांची लाइन अडवून ठेवतात.

प्रश्न : तळोज्यातून केमिकलचा टँकर भरून गुजरातला न्यायचं काम मिळतंय, पगार बरा आहे. हेवीचं लायसन दहा वर्षं जुनं आहे. एवढं पुरेल?
– एक वाचक, घणसोली

उत्तर : नाही पुरणार. धोकादायक मालासाठी लायसनवर वेगळी नोंद लागते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ९ प्रमाणे मान्यताप्राप्त संस्थेत तीन दिवसांचं प्रशिक्षण घ्यायचं आणि त्या दाखल्यावर आरटीओत नोंद करून घ्यायची. ती तीन वर्षं चालते, पूर्वी एकच वर्ष चालायची. याच नियमात आणखी एक अट आहे: एका भारतीय भाषेबरोबर इंग्रजी लिहिता-वाचता यायला हवी. यावर ड्रायव्हर चिडतात. मला ती अट जाचक वाटत नाही. टँकरच्या पाटीवर धोकादायक मालाचा नंबर असतो. तिथे युएन १२३० लिहिलेलं असेल तर आत मिथेनॉल आहे, १२०३ असेल तर पेट्रोल. गळती झाली तर फायर ब्रिगेडवाला पहिला प्रश्न तुम्हालाच विचारणार. मालाची माहिती देणारं ट्रेम कार्ड केबिनमध्ये हाताशी असावं, सीटखालच्या पिशवीत कोंबलेलं नको. माल भरून देणाऱ्याने ते दिलं नाही तर गाडी हलवू नका. पगार बरा असतो तो याच जोखमीपायी.

प्रश्न : वडील ५८ वर्षांचे, ट्रकवर आहेत. रक्सौलमार्गे नेपाळला माल न्यायचाय. पासपोर्ट नाही, आधार आहे.
– एक मुलगा, ऐरोली

उत्तर : आधारच्या भरवशावर पाठवू नका. व्हिसा लागत नाही, पण मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट हवा. आधार किंवा पॅनची सवलत १५ च्या आतल्या आणि ६५ च्या वरच्यांना आहे, वडील त्यात बसत नाहीत. मतदार कार्ड गावच्या पत्त्याचं असलं तरी चालेल, फोटो मात्र ओळखू येईल असा असावा. गाडीसाठी सीमेवर भन्सार, म्हणजे नेपाळची जकात, भरावा लागतो. तो कुणी भरायचा आणि त्याची पावती कुणाकडे राहणार, हे शेठकडून निघतानाच ठरवून घ्या.