दुखत नाही, मग तपासायचं कशाला?

प्रश्न : ताई, माझं वय 51. दिवाळीनंतर माझ्या थोरल्या जाऊबाईंचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून ‘मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) करून घे’ म्हणून त्या माझ्या मागे लागल्या आहेत. पण माझ्या माहेरी हा आजार कोणालाच नाही आणि मला काही दुखतखुपतही नाही. मशीनमध्ये छाती दाबतात, त्यानं नसलेलं दुखणं उठतं, असं सासूबाई म्हणतात. काय करू? — एक वाचक, कराड

उत्तर : जाऊबाईंचं ऐका. माझ्याही माहेरी कोणाला नव्हता. हा आजार होणाऱ्या शंभर बायकांपैकी जेमतेम पाच-दहा जणींनाच तो आईवडिलांकडून आलेल्या जनुकातून होतो. बाकीच्या सगळ्या तुमच्या-माझ्यासारख्याच.

मी नर्स होते. माझी गाठ हरभऱ्याएवढी, खोलवर. सर्जनच्या हातालाही ती लागली नव्हती, मॅमोग्राफीत दिसली. म्हणून स्तन काढावा लागला नाही. तेवढा भाग काढला, मग रेडिएशन, मग रोजची गोळी. दुखत मलाही काही नव्हतं. सुरुवातीच्या गाठी बहुधा दुखतच नाहीत, म्हणून दुखण्याची वाट बघायची नसते.

सासूबाईंना सांगा, दाबल्यानं कॅन्सर होत नाही, असलेला पसरतही नाही. दोन पट्ट्यांमध्ये स्तन दाबतात तेव्हा काही सेकंद चांगलीच कळ येते, ते मी लपवणार नाही. पाळी चालू असेल तर ती संपल्यावरच्या आठवड्यात जा, तेव्हा त्रास कमी होतो. साडी किंवा पंजाबी ड्रेस घाला, म्हणजे फक्त वरचं काढावं लागतं. काखेत पावडर, डिओडरंट लावू नका. त्यातले कण फिल्मवर ठिपक्यांसारखे उमटतात आणि उगाच शंका येते. फिल्म जपून ठेवा, पुढच्या वेळी तुलनेला लागते. पुन्हा सोनोग्राफीला बोलावलं तर हातपाय गाळू नका. अशा बोलावलेल्या बहुतेकींना कॅन्सर नसतो.

तुमच्या वयाला दोन वर्षांतून एकदा मॅमोग्राफी पुरते; डॉक्टरांनी वर्षाला सांगितली तर वर्षाला करा. जवळ मशीन नसेल तरी घरी बसू नका. मुंबईत टाटा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी 1998 पासून झोपडपट्ट्यांतल्या दीड लाखांवर बायकांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या जणींचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हातानं तपासत. 2021 मध्ये निष्कर्ष छापून आले : तपासलेल्यांपैकी पन्नाशी ओलांडलेल्या बायकांमध्ये या आजाराचे मृत्यू, न तपासलेल्यांपेक्षा, जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी झाले होते. केवळ हातानं! सरकारी आरोग्य केंद्रांतही तिशीपुढच्या बायकांसाठी ही तपासणी ठरवलेली आहे. जाऊन हक्कानं मागा.

आता जाऊबाईंबद्दल. ऑपरेशन झालं म्हणजे सुटलो, असं मानून पुष्कळ जणी पुढच्या तपासण्या सोडतात, याचा मला फार त्रास होतो. त्यांच्या दुसऱ्या स्तनाची मॅमोग्राफी दरवर्षी व्हायला हवी. दोघी एकाच दिवशी जा.

आणि त्यांना मुलगी असेल, तर रक्ताचं नातं तिचं आहे. आईला ज्या वयात आजार झाला, त्याच्या साधारण दहा वर्षं आधीपासून मुलीची तपासणी सुरू करावी असं डॉक्टर सांगतात. पुतणीला घेऊन एकदा कॅन्सरच्या डॉक्टरांना भेटा, जाऊबाईंचे रिपोर्ट सोबत न्या आणि जनुकांची तपासणी लागेल का तेही विचारा.