पिन उलटी लावली की झिणझिण्या थांबतात, मग जुनी सिंगर सुरक्षित समजू का?

नाही. आजीच्या मोटर बसवलेल्या सिंगर ९९के शिलाई मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात, दोन पिनांचा प्लग उलटा खोचला की थांबतात, तर आता रंग उजळायला घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. रंगाचं नंतर बघू. प्लग उलटा करायचा हा इलाज गल्लोगल्ली सांगितला जातो आणि मला त्याची चीड आहे.

गळती बहुधा मोटरच्या एका टोकाजवळ असते. ते टोक न्यूट्रलकडे गेलं की बॉडीवर व्होल्टेज जाणवत नाही, इतकंच. इन्सुलेशन होतं तसंच खराब. उद्या कुणी झाडताना प्लग काढून सरळ लावला की पुन्हा तेच. शिवाय पेडल एकाच तारेत असतं. ते न्यूट्रलमध्ये गेलं तर पाय उचलल्यावरही अख्खी मोटर फेजवर राहते. शिवताना कमी आणि थांबल्यावर जास्त झिणझिण्या येत असतील तर हेच चाललंय. "लोखंडी मशीन आहे, थोडा करंट लागायचाच" म्हणणाऱ्याला फरशीवर अनवाणी बसवून शिवायला सांगा.

मशीनवरचा बेकेलाइटचा तीन पिनांचा ब्लॉक बघूनही फसू नका. तिसरी पिन पेडलच्या सर्किटची आहे, अर्थिंगची नाही.

मल्टिमीटरचं "ओके" इथे निरुपयोगी; तो मोजतो मोजक्या व्होल्टवर. ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं यंत्र, आणा. प्लग भिंतीतून काढून त्याच्या दोन्ही पिना एकत्र जोडून मेगरची एक तार त्यांना लावा, मशीनच्या दिव्याचं बटण चालू ठेवा, मेगरची दुसरी तार बॉडीच्या उघड्या लोखंडाला आणि मग मोटरच्या सांगाड्याला लावून बघा. १ मेगाओहमच्या खाली आलं तर मोटर, दिवा, पेडल एकेक सोडवून मोजा. बहुतेक वेळा मोटरच सापडते: कार्बन ब्रशची पूड तेलात कालवली जाऊन ब्रश-होल्डरपासून सांगाड्यापर्यंत थर जमतो आणि त्यातून वीज वाहते. ब्रश काढा, कोरड्या कुंचल्याने झाडा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळल्यावर पुन्हा मोजा. तरीही आकडा चढला नाही तर वाइंडिंग गेलंय. मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे द्या.

रबरी वायर वाकवून तडकली तर सगळीच बदला. वर टेप गुंडाळू नका. तेलाने गोंद सुटतो आणि टेप घसरते. ०.७५ चौरस मिमीची तीन कोअरची लवचीक वायर घ्या, जोडांवर हीट-श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी). अर्थची तार रिंग लगने (तारेच्या टोकाला दाबून बसवायच्या कडीने) बोल्टखाली, रंग खरवडून, दातेरी वॉशरसह. मोटरच्या ब्रॅकेटवरही रंग असतो, म्हणून मोटरला वेगळी अर्थ द्या. पेडल धातूचं असेल तर त्यालाही.

पेडल न दाबता मशीन पळत असेल तर पेडलच्या आतला जुना कपॅसिटर शॉर्ट झालेला असू शकतो. संपर्कांवर समांतर असेल तर ०.१ मायक्रोफॅरडचा, २७५ व्होल्ट एसीचा एक्स२ वर्गाचा सेफ्टी कपॅसिटर लावा. बॉडीला जोडलेला असेल तर तिथे वाय वर्गाचाच, म्हणजे वाय२सारखा, एक्स२ नको.

अर्थची तार कामाला येते ती घरात खरं अर्थिंग असेल तरच. सॉकेटला तीन भोकं दिसतात, मागे तार जोडलेली आहे का ते बघा. गळती होताच वीज तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबीही हवीच.

आणि रंग: मोटरसाठी आणलेलं अल्कोहोल बॉडीवर सांडू देऊ नका, सोनेरी नक्षीवरचा शेलॅक त्यात विरघळतो. कापसावर शिलाई मशीनचं तेल घेऊन हलक्या हाताने पुसा.