यानश्वेईचे फटाके, जाऊ का नको?

प्रश्न: ताई, मी तैवानला तैनानमध्ये पीएचडी करतोय, लॅबमधले मित्र कंदील महोत्सवाला तैनानमधल्याच यानश्वेई भागात चल म्हणून मागे लागलेत, पण तिथल्या फटाक्यांचे व्हिडिओ बघूनच हातपाय गार पडले. जाऊ का?

उत्तर: जा की, पण तयारीनिशी. १९व्या शतकात कॉलराची साथ पळवायला गुआन गाँग देवाची मिरवणूक काढून फटाके उडवले, तिथून हे सुरू झालं म्हणतात. आता रॉकेटं खच्चून भरलेली भिंतच्या भिंत पेटवतात आणि ती आकाशात नाही हं, सरळ अंगावर येतात! फुल फेस हेल्मेट हवंच, काच पूर्ण खाली, आणि हेल्मेट नि कॉलरच्या फटीत टॉवेल चिकटपट्टीने घट्ट बसव, कारण रॉकेट नेमकं तिथूनच आत शिरतं. कपडे जाड सुती, नायलॉनचं जॅकेट नको, वितळून कातडीला चिकटतं. कानात प्लग, हातात मोजे. पेटलं की जागच्या जागी उड्या मारत राहायचं म्हणजे रॉकेट कपड्यात अडकत नाही, सगळे तेच करतात. दमा असेल तर लांबूनच बघ, मित्र भित्रा म्हणाले तर म्हणू दे, लांब उभे राहणारे तैवानी लोकही ढिगाने असतात. हेल्थ इन्शुरन्स कार्ड खिशात ठेव, अॅम्ब्युलन्सचा नंबर ११९.